बाबांच्या गाडीला कट-ऑफ स्विच

मार्चच्या शेवटी पहाटे पावणेपाचला उमरेडहून फोन आला. आत्याला दवाखान्यात हलवत होते. बाबा दहा मिनिटांत तयार होऊन खाली उतरले, मी किल्ली फिरवली, आणि बॉनेटखालून नुसतं किट-किट-किट. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होत विझले. परत फिरवली, तेच. गाडी फाटकाच्या आत, पुढे चढ. धक्का मारायला आम्ही दोघंच, त्यात बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. भाड्याची गाडी मिळून निघेपर्यंत सव्वासहा झाले. आत्या बरी होऊन घरी आली, पण तो दीड तास बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी २०१० सालची, लहान पेट्रोल गाडी, एमएच-३१. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नूतनीकरण करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतली. इंजिन ठणठणीत आहे. बाबा आता ती महिन्यातून दोन-तीनदाच काढतात. उमरेड, वर्धा रोडवर तपासणीसाठी, कधी मनात आलं तर रामटेक. आधी ही गाडी तीन-तीन आठवडे निंबाखाली उभी राहायची आणि एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. गेल्या चौदा महिन्यांत मात्र दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. दुकानदार दोन्ही वेळा म्हणाला, नागपूरचं ऊन आहे, बॅटरी टिकत नाही. ऊन बॅटरी खातं हे खरं आहे. पण मार्चमध्ये, आठ दिवस उभ्या असलेल्या नव्या बॅटरीला ते पुरेसं कारण वाटेना.

मी ठरवलं की गाडी उभी करताना बॅटरीच तोडून टाकायची. कट-ऑफ स्विच बसवायचा, म्हणजे काही उतरायचा प्रश्नच नाही. सक्करदऱ्याला आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, स्विच बसवून देतो, त्याचं काही नाही. पण करंट कुठं जाऊन राहिला ते पाहिलं का आधी? भिंतीत पाइप फुटला अन् तुम्ही मेन कॉक बंद करून बसल्या, तर भिंत आज सुकेल. कॉक उघडला की पुन्हा ओली."

हे त्यांचं म्हणणं मला इतकं पटलं की स्विचचा विषय बाजूला ठेवून मी सहाशे रुपयांचा एक मल्टिमीटर घेतला. मोजायचं कसं, ते त्यांनीच दाखवलं. ते सविस्तर लिहिते, कारण बॅटरीवर पैसे घालवण्याआधी हे करायला हवं होतं, आणि मला चौदा महिने कोणी सांगितलं नाही.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यायची. गाडी बंद करून काही तास गेल्यावर तिच्या दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग दहा नंबरच्या पान्यानं मायनसचा क्लॅम्प सोडवायचा. मीटर दहा अँपिअरवर लावायचा, त्याची तांबडी वायर दहा अँपिअरच्याच भोकात. एक टोक सोडवलेल्या क्लॅम्पला, दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटीला. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. या अवस्थेत किल्लीला हात लावायचा नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल. मी किल्ली काढून घरात नेऊन ठेवली होती.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, म्हणून दार उघडं ठेवावं लागतं. दार उघडं की आतला दिवा लागतो आणि तोही मोजला जातो. दाराच्या चौकटीत एक काळं बटण असतं, ते मी चिकटपट्टीनं दाबून ठेवलं. दिवा विझला. थोडं थांबले. नव्या गाड्यांत अर्धा तास थांबावं लागतं, त्यांचे कंप्युटर सावकाश झोपतात. आमच्या गाडीत फारसं काही नाही, तरी मी वीस मिनिटं दिली.

मीटरवर ०.१७.

ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशेब केला तेव्हा पोटात धस्स झालं. ०.१७ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला चार अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ ची. चार-पाच दिवसांत अर्धी, आठ-नऊ दिवसांत पूर्ण कोरडी. घड्याळ आणि रेडिओची आठवण (लावून ठेवलेली स्टेशनं) एवढ्यावर गाडीनं ०.०२-०.०३ घ्यावं, फार तर ०.०५. आम्ही त्याच्या कितीतरी पट जास्त घालवत होतो. शिवाय गाडीची बॅटरी काही पार रिकामी व्हायला बनवलेलीच नसते. तिचं काम काही सेकंद भरपूर करंट देणं आणि लगेच परत भरून घेणं. ती रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग कितीही चार्ज केलं तरी पूर्वीएवढी भरत नाही. म्हणजे आमच्या दोन्ही बॅटऱ्या खराब नव्हत्या, त्या आम्ही उपाशी मारल्या.

मग एकेक फ्यूज उपटायचा आणि मीटर पाहायचा. हॉर्न, काही नाही. वायपर, नाही. एक निळा पंधराचा फ्यूज काढला आणि आकडा धपकन ०.०२ वर आला. मी तो परत लावला, ०.१७. परत काढला, ०.०२. चार वेळा केलं, खात्री होईपर्यंत.

तो म्युझिक सिस्टिमचा होता. दीड वर्षापूर्वी बाबांच्या वाढदिवसाला मीच एका दुकानातून बसवून दिली होती, पेन ड्राइव्हवर जुनी नाट्यगीतं ऐकता यावीत म्हणून. मिस्त्रींनी ती खेचून बाहेर काढली. मागे पिवळी वायर असते, तिला कायम करंट, आठवणीसाठी. तांबडी असते, ती किल्ली फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून एकाच ठिकाणी जोडल्या होत्या, वरून काळी पट्टी. त्यामुळे बटण बंद केलं तरी ती सिस्टिम आत जागीच राहायची, रात्रंदिवस. एका वायरला योग्य जागी न्यायचे दहा मिनिटांचे श्रम वाचवले त्यानं. मला त्या माणसाचा राग आला आणि अजूनही आहे, कारण असं काम करणाऱ्याला हे नक्की माहीत असतं की पुढे काय होणार.

तांबडी वायर किल्लीच्या लाइनवर नेली. आकडा ०.०२.

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण बाबा कधी कधी महिनाभर पुण्याला दादाकडे जातात, आणि ०.०२ सुद्धा महिन्यात पंधरा अँपिअर-तास नेतं, त्यावर नवतपाचं, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांचं कडक ऊन. बॅटरी उन्हात आपली आपणही उतरते, तापमान दर दहा अंशांनी चढलं की ही आतली गळती साधारण दुप्पट होते. म्हणून स्विच बसवायचाच होता. फक्त आता तो दुखणं झाकायला नव्हता.

घाट रोडवरच्या एका दुकानातून आधी हिरव्या गोल मुठीचा स्विच आणला, अडीचशे रुपये. तो थेट बॅटरीच्या मायनस खुंटीवर बसतो आणि गाडीचा क्लॅम्प त्याच्यावर. मूठ पिळली की जोडतो, सैल केली की तोडतो. मायनसवरच का, हे बाबांनी विचारलं. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. त्यामुळे मायनसच्या भागावर पाना पत्र्याला टेकला तरी बिघडत नाही. प्लसवर काम करताना टेकला, तर पाना लाल होईल, बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनमुळे स्फोटही होऊ शकतो. म्हणून सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. हा नियम मी आता झोपेतही सांगेन.

अर्ध्या तासात बसला. गाडी सुरू झाली, पण सेल्फ जड वाटला. थकल्यासारखा. दोन दिवसांनी तर पहिल्यांदा घेतलाच नाही. हात लावला तर स्विच गरम.

मीटर व्होल्टवर लावून बॅटरीच्या मायनस खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत टोकं धरली आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितला. १.१ व्होल्ट. वाटेत काही अडत नसेल तर इथे ०.२ च्या आत यायला हवं. म्हणजे एक व्होल्टभर वाटेतच खर्च होत होता, त्या स्विचमध्ये. कारण मिस्त्रींनी बोटानं दाखवलं. आमच्यासारख्या लहान गाड्यांच्या बॅटरीची मायनस खुंटी बारीक असते, जेमतेम तेरा मिलिमीटर. हा स्विच बनवलाय जाड, अठराच्या आसपासच्या खुंटीसाठी. मी आवळला होता खरा, पण तो एका कडेनंच टेकत होता. मध्ये पितळेची पट्टी घालून पाहिली, थोडं सुधारलं, पण मला भरवसा वाटेना.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती आणि ती मला आधी सुचायला हवी होती. बाबांच्या बोटांचे सांधे आखडलेले आहेत. ती मूठ पाच-सहा आटे फिरवावी लागते. बाबांनी मुकाट्यानं प्रयत्न केला, मग पंचा गुंडाळून केला, आणि मग मला म्हणाले, "राहू दे, तू असशील तेव्हा काढत जाऊ गाडी." त्यांना तसं म्हणावं लागावं, हे मला सहन झालं नाही. गाडी त्यांची आहे. मी कामावर असताना त्यांना निघता आलं पाहिजे, सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

मिस्त्री म्हणाले, "ट्रॅक्टरचा लावा. लाल चावीचा. पाव फेरा फिरवला की झालं." ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात तो मिळाला. काळी गोल पेटी, मागे तांब्याचे दोन जाड बोल्ट, पुढे लाल चावी, तळहातात नीट धरता येईल एवढी. वर छापलेलं, १२/२४ व्होल्ट आणि सतत १०० अँपिअर, काही सेकंदांसाठी त्याहून कितीतरी जास्त. चावी बंद स्थितीत निघून येते. रिमोटनं चालणारेही मिळतात, पण त्यांना स्वतःलाच थोडा करंट सतत लागतो. शिवाय रिमोट हरवला, त्याचा सेल गेला, तर बाबांनी काय करायचं? हातानं फिरणारी वस्तू त्यांना दिसते, कळते.

हा बसवायला जास्त काम लागलं. बॅटरीच्या बाजूला एक लोखंडी पट्टी वाकवून तिच्यावर स्विच घट्ट बसवला. बॅटरीच्या मायनसपासून स्विचपर्यंत एक फुटाची नवी केबल, तांब्याची, २५ चौरस मिलिमीटर. हात राखून जाड घ्यावी, बारीक केबल म्हणजे तीच मघाची अडवणूक. टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टवर अडकवायची धातूची टोकं. हातोडीनं ठोकून थिंबल बसवू देऊ नका, मिस्त्री कितीही चांगला असला तरी. पॅनेलवायरिंग करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनकडे हायड्रॉलिक यंत्र होतं, त्यानं दाबून दिली, वर स्लीव्ह तापवून चढवली. मी ती पूर्ण ताकदीनं ओढून पाहिली, केसभर हलली नाही. गाडीची मूळ मायनस केबल स्विचच्या दुसऱ्या बोल्टवर. पत्र्याला जिथे ती जोडलेली होती तिथे गंज आणि रंग होता, तो पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला.

सगळं जोडून चावी बंद केली, काढून हातात घेतली, दार उघडलं. आतला दिवा लागला!

मी चावीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. स्विच खराब निघाला की काय, असंच वाटलं. पण स्विचच्या दोन बोल्टांमध्ये मीटर लावला तर तो चोख तोडत होता. मग टॉर्च घेऊन बॅटरीकडे वाकले तेव्हा दिसली. मूळ क्लॅम्पमधून दोन वायरी निघत होत्या. जाड एक, गिअरबॉक्सकडे जाणारी, ती आम्ही स्विचवर नेली होती. दुसरी बारीक, काळी, जवळच पत्र्याला गेलेली, ती बॅटरीच्याच क्लॅम्पवर राहून गेली होती. दिवा, घड्याळ, रेडिओ सगळे त्या बारीक वाटेनं सुखात चालले होते. हे तसंच राहिलं असतं आणि चावी बंद असताना कोणी सेल्फ मारला असता, तर सेल्फचा सगळा करंट त्या काडीएवढ्या वायरमधून जायला पाहणार. आग लागायला एवढं पुरतं. बारीक वायरही स्विचपलीकडच्या बोल्टवर घेतली. आता दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. बॅटरीच्या मायनस खुंटीवर स्विचच्या केबलशिवाय दुसरं काहीही उरता कामा नये. कोणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हेच सांगते.

चावी चालू करून सेल्फ मारला. तोच मीटर, तीच दोन टोकं, आणि ०.१५ व्होल्ट. सेल्फचा आवाज पूर्वीसारखा, टणक. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ आले, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, नीट चार्ज करतोय.

बाबांना मी एकच गोष्ट तीनदा सांगितली. इंजिन चालू असताना लाल चावीला हात लावायचा नाही. अल्टरनेटर करंट देत असतो, बॅटरी मध्येच तुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड किंवा गाडीचा कंप्युटर जाऊ शकतो. बाबा म्हणाले, "एकदा सांगितलं की कळतं मला." आणि ते बरोबर होतं. त्यांनी स्वतःच क्रम बसवला. गाडी बंद. आतून बॉनेटचा खटका ओढायचा. बाहेर येऊन दारं किल्लीनं बंद करायची, कारण बॅटरी तोडल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही. मग लाल चावी फिरवून काढायची, बॉनेट लावायचं. निघताना उलट, दार किल्लीनं उघडायचं, खटका ओढायचा, चावी. लाल चावी त्यांनी गाडीच्या किल्लीच्याच कडीत अडकवली आहे. सुरुवातीला मला वाटलं होतं की दर वेळी बॉनेट उघडायचा त्यांना कंटाळा येईल. उलट त्या निमित्तानं ते आता ऑइल आणि कूलंट पाहतात.

एक तोटा आहे आणि तो त्यांना लागतो. करंट पूर्ण तुटला की घड्याळ बारावर येतं आणि रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. स्विचच्या दोन बोल्टांमध्ये फ्यूज घालून एक बारीक वायर जोडली तर एवढी आठवण टिकते. ती योजून केलेली वाट असते, कोणी चावीशिवाय सेल्फ मारला तर फ्यूज उडतो आणि गाडी जागची हलत नाही. मी विचारलं त्यांना, लावू का. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, नको, पुन्हा काही झिरपायला नको.

ज्यांच्या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, किंवा बॅटरीच्या मायनसवर एक चौकोनी सेन्सर बसवलेला दिसतो, त्यांनी हे सगळं माझं वाचून करू नये. तिथे कंप्युटर बॅटरीवर नजर ठेवून असतो. वॉरंटीतली गाडी असेल तरीही नाही. आणि रोज फाटकात पाच मिनिटं गाडी चालू ठेवायचा सल्ला मलाही पुष्कळांनी दिला. उभ्या गाडीत, कमी वेगात, अल्टरनेटर जेमतेम देतो, सेल्फनं घेतलेलं फेडता फेडता पाच मिनिटं संपतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवणं परवडलं.

मे महिन्यात बाबा पुण्याला गेले, नवतपा संपता संपता परतले. तेवीस दिवस गाडी उभी होती. त्या दिवसांत दुपारी निंबाखालीसुद्धा बॉनेटला हात लावता येत नव्हता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, त्यांना उमरेडला जायचं होतं. मी मीटर घेऊन खाली गेले. १२.५१. त्यांना आकडा सांगितला नाही, नुसती बाजूला उभी राहिले. बाबांनी बॉनेट उचललं, त्याला टेकूची काडी लावली, लाल चावी बसवून पाव फेरा फिरवली. टक्. आत जाऊन बसले, पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. घड्याळात बारा. त्यांनी समोरच्या खणातून एक कागद काढला, वहीचं पान, त्यावर त्यांच्या अक्षरात आकाशवाणीच्या स्टेशनांचे आकडे एकाखाली एक. चष्मा वर सरकवून ते एकेक लावत बसले, आणि मी फाटक उघडायला गेले.